मन कुठे गुंतवावं? निवृत्तीनंतरच्या ध्यानाचा जमाखर्च

निवृत्त होऊन महिना झाला की घरात दोन प्रकारचे सल्ले यायला लागतात: पैसे कुठे गुंतवावेत आणि मन कुठे गुंतवावं. पहिल्याच्या बाबतीत आपण चोख असतो. बँकेत विचारतो, पोस्टात विचारतो, जावयाला विचारतो, पाव टक्का व्याज जास्त मिळत असेल तर दोन बस बदलून जातो. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एका जाहिरातीवर भिस्त ठेवून हजारो रुपये भरून मोकळे होतो. मनाच्या गोष्टीत पैशाची चौकशी करणं आपल्याला थोडं हलकं वाटतं. नेमका याचाच फायदा घेतला जातो.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रात ध्यान शिकणं जवळजवळ फुकट आहे. पैसे पडतात ते खोलीचे, जेवणाचे, हिरवळीचे, प्रवासाचे आणि संस्थेच्या नावाचे. या सोयी घेऊ नयेत असं नाही. फक्त आपण सोय विकत घेतोय, शांती नव्हे, एवढं भरताना लक्षात असावं.

आधी शून्य रुपयांचा एक महिना

कुठलंही शुल्क भरण्यापूर्वी घरी महिनाभर बसून पाहा. पाठीला आधार देणारी साधी खुर्ची घ्या, पाय जमिनीला टेकवा, हात मांडीवर ठेवा, डोळे मिटा. नाकपुड्यांतून श्वास आत येतो आणि बाहेर जातो, तेवढंच बघायचं. तो मुद्दाम लांबवायचा नाही की रोखायचा नाही. लक्ष पेन्शनच्या फाइलीकडे, सुनेच्या बोलण्याकडे, गुडघ्याकडे जाणारच. गेलंय हे कळलं की परत श्वासावर आणायचं. सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. सकाळी चहाच्या आधी किंवा दिवेलागणीला बसा. दुपारच्या जेवणानंतर बसलात तर डुलकी लागेल.

ज्यांना श्वासापेक्षा नामस्मरण जवळचं वाटतं, त्यांनी ते धरावं. एका जागी बसून एकाच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा लक्ष आणण्याचा सराव त्यातही होतो. हरिपाठाची, जपाची सवय असलेल्या माणसाला ‘माइंडफुलनेस’ची पाटी लावलेल्या वर्गात पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

बसलात त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. महिनाअखेर वीसच्या वर खुणा असतील, तर एखादं शिबिर किंवा अभ्यासक्रम तुमच्या कामी येईल. दहाच्या आत असतील, तर महागडं शिबिर त्यावरचा उपाय नाही. तुम्हाला एकट्याने बसणं जमत नाही, सोबत लागते, एवढाच त्याचा अर्थ. सोबत तर जवळच्या गटात स्वस्तात मिळते.

या महिन्यात काही विकत घेऊ नका. खास उशी, लाकडी पीठ, सुगंधी दिवा, तिबेटी वाटी यांतल्या कशावाचूनही काही अडत नाही. फोनमधलं घड्याळ पुरतं.

फुकट आणि दानावर चालणाऱ्या वाटा

*विपश्यना.* ही पद्धत शिकवणारे सत्यनारायण गोयंका मूळचे म्यानमारचे. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून ते १९६९ साली भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत त्यांचं पहिलं शिबिर झालं. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरं सुरू आहेत. पुण्याजवळ मरकळला, नाशिकला, नागपूरला, कोल्हापूरजवळ आणि मुंबईत गोराईच्या पॅगोडालगतही केंद्रं आहेत. दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नाही; राहणं-जेवणही त्यातच. दान घेतात तेही फक्त निदान एक शिबिर पूर्ण केलेल्यांकडून, म्हणजे तुमचा खर्च आधीच्या साधकांनी उचललेला असतो. शेवटी किती द्यायचं ते तुम्ही ठरवायचं. काही दिलं नाही तरी चालतं.

पैशाची किंमत शून्य असली तरी शरीर आणि मन बरंच काही मोजतं. पहाटे चारला घंटा होते, रात्री साडेनऊला दिवे मालवतात, दिवसाकाठी दहाएक तास बसणं असतं. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास बघायचा, पुढे शरीरभरच्या संवेदना. दहाव्या दिवसापर्यंत मौन. फोन जमा. वाचन-लेखन बंद. पूजा, जप, पोथी हेही तेवढे दिवस बाजूला ठेवावं लागतं. रोजच्या नेमात खंड पडलेला ज्यांना चालत नाही त्यांनी याचा आधीच विचार करावा. रात्रीचं जेवण नसतं. पहिल्यांदा आलेल्यांना संध्याकाळी पाचच्या सुमारास चहा आणि फळं किंवा हलका अल्पोपाहार मिळतो. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी या वेळापत्रकाचा कागद डॉक्टरांपुढे ठेवून डोस ठरवून घ्यावा आणि अर्जात आजाराची माहिती लपवू नये. जमिनीवर बसवत नसेल तर खुर्ची मिळते, पण तीही अर्जातच मागा. नवरा-बायको एकत्र गेले तरी स्त्रिया आणि पुरुष पूर्ण वेगळे राहतात.

शिबिर दहा दिवसांचं असलं तरी आदल्या दुपारी पोहोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचं असतं. कॅलेंडरवर बारा दिवस मोकळे ठेवा. नोंदणी ऑनलाइन होते आणि चांगल्या हवेच्या महिन्यांतल्या जागा लवकर भरतात, तेव्हा दोन-तीन महिने आधी अर्ज करा. पावसाळ्यात इगतपुरीला धो धो पाऊस असतो आणि हिवाळ्यात पहाटे हुडहुडी भरते; कानटोपी, स्वेटर, मोजे आणि न घसरणारी चप्पल हा खर्च धरा. इतकी मोठी उडी नको असेल तर गोराईच्या पॅगोडात जाऊन काही मिनिटांच्या आनापानाची, म्हणजे श्वास बघण्याची, चव घेऊन या. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

*ब्रह्माकुमारी.* राजयोगाचा सात दिवसांचा प्राथमिक पाठ निःशुल्क असतो, रोज साधारण तासभर. तालुक्याच्या गावांतही केंद्रं असल्यामुळे प्रवासखर्च जवळजवळ नाही. इथलं ध्यान मात्र संस्थेच्या तत्त्वज्ञानासकट येतं: आत्मा, शिव, सृष्टिचक्र, रोजची मुरली (प्रवचन), सात्त्विक आहार. पटलं तर उत्तम. फक्त श्वासाचं तंत्र हवं असलेल्याने ही वाट आपली आहे का, ते पहिल्या दोन दिवसांत ओळखावं.

*सहजयोग आणि हार्टफुलनेस.* दोन्हींकडे शिकवण्याचे पैसे घेत नाहीत. सहजयोगाच्या माताजी निर्मलादेवी मराठी घरातल्या. १९७० साली त्यांनी हे काम सुरू केलं. त्यांच्याकडे आठवड्याचं सामूहिक ध्यान असतं. श्री रामचंद्र मिशनच्या हार्टफुलनेसमध्ये प्रशिक्षक समोर बसून ध्यान करवतात. या ठिकाणीही गुरुपरंपरा आहे, याची कल्पना असू द्या.

*आपल्या गल्लीतलं.* बहुतेक शहरांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत; राज्यभरच्या संघांना बांधणारी ‘फेस्कॉम’ ही संघटना आहे. संघाची वर्गणी किरकोळ असते आणि सकाळी बागेत प्राणायाम, हास्यक्लब, ध्यान असं काहीतरी चालूच असतं. महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात चौकशी करा. घरापासून दहा मिनिटांवरचा गट बहुतेकदा सगळ्यात जास्त टिकतो. गुडघे दुखले, पाऊस आला, नातवंडाला शाळेतून आणायचं असलं, तरी तिथे जाणं होतं.

शुल्क घेणारी ठिकाणं

*परिसरातला योगवर्ग.* मोठ्या शहरांत महिन्याला पाचशेपासून दोन हजारांपर्यंत, लहान गावांत त्याहून कमी, असा अंदाज धरायला हरकत नाही. शिक्षक घरी बोलावला तर तेवढेच पैसे तीन-चार खेपांतच संपतात. तीन महिन्यांचे एकदम भरले तर सूट मिळते, पण पहिला महिना सुटाच भरा. योगवर्ग आणि जिमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. तुमच्या पावतीवर कुठला दर लावलाय ते बघा.

*जुन्या योगसंस्था.* सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट १९१८ सालची. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला स्थापन केलेलं कैवल्यधाम शंभरी ओलांडून गेलं आहे. त्यांची मुंबईतली शाखा मरीन ड्राइव्हवर आहे. अशा संस्थांमध्ये दिवसाचे वर्ग परवडणारे असतात. मुक्कामाचा आठवडा मात्र खोलीच्या प्रकारानुसार पाच आकड्यांत जातो. त्यात आहार, तपासणी, मसाज, निसर्गोपचार असं बरंच काही असतं. तब्येतीचं एकूण गाडं रुळावर आणायचं असेल तर त्याला किंमत आहे. फक्त ध्यानासाठी ते महाग पडतं.

*आर्ट ऑफ लिव्हिंग, ईशा यांसारख्या संस्था.* त्यांचे प्राथमिक अभ्यासक्रम सशुल्क आहेत. शुल्क शहराप्रमाणे आणि प्रत्यक्ष की ऑनलाइन याप्रमाणे बदलतं, म्हणून त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरचाच आकडा खरा माना. पहिल्या पायरीनंतर पुढच्या निवासी शिबिरांची शिडी असते. पहिल्या दिवशीच विचारून ठेवा: हे एवढंच करून घरी सराव चालू ठेवता येतो ना?

*आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस अभ्यासक्रम.* जॉन कॅबट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात हा आखला. दर आठवड्याला साधारण अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक दिवस सलग मौनाचा, आणि घरी रोज सराव. त्यात देव, गुरू, मंत्र काही नाही. भारतातले शिक्षक तो बहुधा ऑनलाइन आणि इंग्रजीत घेतात, शुल्क बहुतेकदा पाच आकडी. शिक्षकाने प्रशिक्षण कुठून घेतलंय, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

*अ‍ॅप.* काहींची वार्षिक वर्गणी असते, काहींचा फुकट भाग पुरेसा मोठा असतो. धोका असतो तो ‘सात दिवस मोफत’ या ओळीत, कारण तिथे कार्ड किंवा यूपीआयची आपोआप पैसे कापण्याची परवानगी आधी घेतली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशी रक्कम कापण्याच्या किमान चोवीस तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. तो एसएमएस वाचा आणि नको असेल तर यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ या ठिकाणी जाऊन परवानगी रद्द करा. अ‍ॅप फोनवरून काढून टाकलं म्हणून वर्गणी थांबत नाही.

मुलांकडे अमेरिकेत सहा महिने जाणाऱ्या आईवडिलांसाठी एक सूचना. तिथे पैसे भरून रिट्रीटला जाण्याआधी जवळचं विपश्यना केंद्र शोधा. मॅसॅच्युसेट्समधलं धम्मधरा १९८२ पासून चालू आहे. नियम आणि वेळापत्रक इगतपुरीसारखंच, तेही दानावरच.

ताशी भाव काढा

भाजी आपण किलोच्या भावाने तोलतो. शिबिराची जाहिरात मात्र ‘सात दिवस, सहा रात्री’ असं माप देते आणि आपण ते मान्य करतो. प्रत्यक्ष ध्यानाचे, शिकवण्याचे तास किती, याने रक्कम भागून बघा. खालचे आकडे नमुन्यादाखल धरलेले आहेत; त्यांच्या जागी तुमच्यापुढच्या जाहिरातीतले घाला.

महिना ८०० रुपयांचा परिसरातला वर्ग, महिन्याला २० दिवस, रोज एक तास: तासाला ४० रुपये.

आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम, वर्गाचे २० तास आणि मौनाच्या दिवसाचे सहा, शुल्क २०,००० रुपये: तासाला साधारण ७७० रुपये.

डोंगरातलं रिसॉर्ट, सात दिवसांचे ३५,००० रुपये, रोज दोन तास ध्यान: तासाला २,५०० रुपये. बाकीचा वेळ तलाव, तेल, सॅलड आणि फोटो.

विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर, सुमारे शंभर तास: शुल्क शून्य, तुम्ही द्याल ते दान.

याचा अर्थ शेवटचं सगळ्यांनी घ्यावं असा नाही. सत्तरीत, दोन्ही गुडघे बोलत असताना, शंभर तास एकदम फार होतात. एवढंच कळतं की रिसॉर्टच्या पस्तीस हजारांतला ध्यानाचा वाटा फार थोडा आहे आणि उरलेली सहल आहे. सहल म्हणून ते पैसे चुकीचे नाहीत. ईपीएस-९५ योजनेत २०१४ साली किमान पेन्शन महिना १,००० रुपये ठरली. तेवढ्यावर किंवा त्याच्या आसपास असलेल्या माणसाने मात्र या सहलीसाठी मुदतठेव मोडू नये. त्यासारखंच शिकवणं त्याच्या गावात फुकट मिळतं.

पावतीवर न दिसणारा खर्च

जोडीदार आजारी असेल तर तुमच्या मागे त्यांच्याजवळ कोण थांबणार? बारा दिवसांची मदतनीस बाई किंवा रात्रीचा माणूस ठेवावा लागला, तर फुकटचं शिबिर फुकट राहत नाही. अशा घरांतून निघता येत नसेल तर दुपारचे दोन तास कुणाला तरी बसवून बाहेरच्या वर्गाला जाणं जास्त शहाणपणाचं.

पुढच्या पायऱ्या, वार्षिक महोत्सव, गुरूंच्या आश्रमाची यात्रा, पुस्तकं, पेनड्राइव्ह, फोटो, ‘ऊर्जित’ पाणी यांचा खर्च पहिल्या शुल्कापेक्षा मोठा होऊ शकतो. वर्षाला एकूण किती जाऊ द्यायचे तो आकडा घरात आधी ठरवा आणि तो जोडीदाराला माहीत असू द्या.

प्रवास आणि कर

एसटीत राज्यभर ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्ध्या तिकिटात आहे. महिलांना कुठल्याही वयात अर्धं तिकीट. ओळखपत्र सोबत ठेवा. रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये थांबवली गेली, म्हणून हिशेब पूर्ण भाड्यानेच करा. खालच्या बर्थसाठी मात्र आरक्षण करताना ज्येष्ठांचा कोटा निवडता येतो.

शिबिराचं शुल्क म्हणजे देणगी नव्हे. ‘८०जी’ नावाने आपण ओळखतो ती सवलत शुल्कावर मिळत नाही. ती मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. तेव्हा कुणी ‘शुल्काची पावती देणगी म्हणून देतो, कर वाचेल’ म्हणालं, तर तिथून काढता पाय घ्या.

ध्यान काय करतं, काय करत नाही

२०१४ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा, ३,५१५ माणसांचा एकत्रित आढावा आला. ध्यानाने चिंता, उदासी आणि वेदना काहीशा कमी होतात, याला मध्यम दर्जाचा पुरावा सापडला. औषधं किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस ठरतं असं मात्र दिसलं नाही. त्याच नियतकालिकातल्या २०१५ च्या एका छोट्या अभ्यासात, झोपेच्या तक्रारी असलेल्या ५५ वर्षांपुढच्या ४९ जणांपैकी जे सहा आठवडे माइंडफुलनेस शिकले, त्यांची झोप फक्त चांगल्या सवयी शिकवलेल्यांपेक्षा अधिक सुधारली. फ्रान्समध्ये पासष्टीपुढच्या सव्वाशेहून अधिक लोकांवर अठरा महिने चाललेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मेंदूच्या पाहिलेल्या भागांच्या आकारमानात लक्षणीय फरक आढळला नाही. ‘ध्यानाने स्मृतिभ्रंश टळतो’ असं छापून पैसे मागणाऱ्याला एवढं सांगायला हरकत नाही.

थोडक्यात, बसल्याने झोप, चिडचिड, रात्रीचे घोळणारे विचार यांत फरक पडू शकतो. रक्तदाब, साखर, थायरॉइड यांच्या गोळ्या ध्यानाच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत. जलद श्वासाचे प्रकार आणि श्वास रोखणं रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. काचबिंदू असेल तर डोकं खाली करायची आसनं टाळा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, भूक-झोप गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर पहिला खर्च शिबिराचा नको, डॉक्टरांचा करा. थायरॉइडचा बिघाड आणि बी-१२ ची कमतरता यांनीही मन खाली जातं. साध्या रक्ततपासणीत ते कळतं. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आहे. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७. जोडीदार नुकताच गेला असेल तर लांब मौनशिबिराला घाईने जाऊ नका. दिवसभर डोळे मिटून बसल्यावर दाबलेलं दुःख एकदम वर येतं आणि तिथे घरचं माणूस शेजारी नसतं.

पैसे भरण्यापूर्वीचे प्रश्न

फोनवर विचारा आणि उत्तरं लेखी, निदान मेसेजवर घ्या.

• रोज प्रत्यक्ष शिकवण्याचे तास किती? एका शिक्षकामागे माणसं किती?
• खुर्चीवर बसता येतं का? खोली तळमजल्यावर आहे का? संडास कमोडचा आहे का? रात्री तिथवर जायला दिवे आहेत का?
• शिकवणं मराठीत आहे का? कमी ऐकू येणाऱ्यांना पुढे बसवता का?
• जेवणाच्या वेळा काय? पथ्याचं जेवण मिळतं का?
• जवळचं रुग्णालय किती अंतरावर? रात्री गाडीची सोय आहे का? घरच्यांनी कुठल्या क्रमांकावर फोन करायचा?
• शुल्कात कर धरला आहे का? ज्येष्ठांना सवलत आहे का?
• आठवडा आधी रद्द केलं तर किती परत? तब्येत बिघडून मध्येच निघालो तर?
• हे संपल्यावर पुढचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे का?

उत्तर टाळलं, ‘श्रद्धा ठेवा’ म्हटलं किंवा आजच भरा म्हणून घाई केली, तर पैसे खिशातच राहू द्या. चमत्काराने आजार बरा करतो असं सांगून पैसे उकळणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं.

फसवणूक झाली तर

पावती न देणं आणि सेवेत खोट निघाल्यावर ठरलेल्या मुदतीत पैसे परत न करणं, या दोन्ही गोष्टी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानल्या आहेत. आधी संस्थेला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीला १९१५ वर फोन करा. तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची.

यात एक मेख आहे. पूर्णपणे विनामूल्य दिलेली सेवा या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. म्हणून दानावरच्या शिबिरात गैरसोय झाली तर ग्राहक म्हणून दाद मागता येणार नाही. तिथे आपण पाहुणे असतो. सोयींचा आग्रह असणाऱ्यांनी पैसे भरून जाण्याचं हे एक खरं कारण आहे.

वर्षाचे तीन अंदाज

*हजाराच्या आत:* घरची खुर्ची, ज्येष्ठ नागरिक संघाची वर्गणी, ब्रह्माकुमारी किंवा सहजयोगाचा प्राथमिक पाठ, एसटीचं सवलतीचं तिकीट.

*दहा-बारा हजार:* महिना ८०० रुपयांचा वर्ग वर्षभर, म्हणजे ९,६००. त्यात एक चटई आणि इगतपुरीची एक फेरी. वर दान, ऐपतीप्रमाणे. पेन्शनवरच्या बहुतेकांना यापुढे जायची गरज पडू नये.

*पन्नास हजार आणि पुढे:* वर्षातून एकदा योगसंस्थेतला मुक्कामी आठवडा, दोघांसाठी. ध्यानाइतकीच तपासणी, आहार आणि हवापालट हवा असेल, तेव्हाच.

कुठलाही अंदाज निवडा, क्रम तोच ठेवा: महिनाभर घरी, मग तीन महिने जवळच्या गटात, मग एखादं लहान शिबिर आणि त्यानंतर वाटलंच तर दहा दिवसांचं. प्रत्येक टप्प्यावर थांबायची मुभा आहे आणि पहिल्या टप्प्यावर थांबलेल्याचं काही कमी पडत नाही. चार महिन्यांनी कॅलेंडरवरच्या खुणा मोजा. त्या टिकल्या असतील तर पुढचा पैसा खर्च करायला हरकत नाही. टिकल्या नसतील तर तो मुदतठेवीतच राहू द्या. व्याज तरी मिळेल.